प्रतिकारशामक अंतःक्षेपण आणि सुप्त क्षय : वाशीम जिल्ह्याच्या परिस्थितीच्या अनुरोधाने एक विवेचन

शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंचा प्रतिकार करण्याऐवजी शरीराच्याच ऊतींवर उलटली, म्हणजे जे विकार उद्‌भवतात त्यांत संधिवाताभ संधिशोथ, कण्याला ताठरपणा आणणारा अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिस आणि आतड्यांचा क्रोन्स विकार हे प्रमुख होत. या विकारांत प्रतिकारशक्तीच्या एका विशिष्ट दुव्यालाच अडवून धरणारी, सुईने टोचावयाची जैविक औषधे गेल्या पंचवीस वर्षांत प्रचारात आली आहेत. ज्यांचे सांधे काही वर्षांत कायमचे निकामी झाले असते, अशा असंख्य रुग्णांना त्यांनी हिंडते-फिरते ठेवले. त्यांची उपयुक्तता आता वादातीत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या औषधांचे दुष्परिणाम व ती देताना घ्यावयाची सावधगिरी हा असून, वाशीमसारख्या ग्रामीण जिल्ह्यात त्या सावधगिरीला कोणते रूप द्यावे लागते, याचा त्यात मुख्यतः विचार केला आहे.

औषधाचे स्वरूप

न्यूयॉर्क येथील एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये उंदरांच्या रक्तद्रवात अर्बुदाच्या पेशींचा नाश करणारा एक घटक असल्याचे दाखविले. त्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने टीएनएफ, असे नाव मिळाले. हा घटक ज्या उंदरांत आढळला, त्यांना अगोदर बीसीजीचे जंतू टोचलेले होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. क्षयजंतूच्या कुळातील जंतूंशी या घटकाचा संबंध त्याच्या शोधापासूनच आहे.

पुढे असे दिसून आले की, सुजलेल्या सांध्यांतील दाह चेतविण्यात व टिकवून धरण्यात टीएनएफचा वाटा फार मोठा आहे. लंडन येथे मार्क फेल्डमन आणि लुधियाना येथे जन्मलेले रवींद्र मैनी यांनी १९९२ मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णांवर टीएनएफविरोधी प्रतिपिंडाचा प्रथम प्रयोग केला व तो यशस्वी झाला. अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब व एटानरसेप्ट या औषधांना १९९८ मध्ये आणि अ‍ॅडॅलिमुमॅबला २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. झायडस कॅडिला या कंपनीने ‘एक्झेम्प्टिया’ या नावाने अ‍ॅडॅलिमुमॅबची समरूप आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात भारतात विक्रीस आणली. तिची किंमत मूळ औषधाहून बरीच कमी होती. त्यानंतर अन्य भारतीय उत्पादकही या क्षेत्रात उतरले आणि मोठ्या शहरांपुरते मर्यादित असलेले हे उपचार जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले.

ही औषधे प्रथिने असल्यामुळे तोंडावाटे घेतल्यास पचून नाहीशी होतात. म्हणून ती टोचूनच द्यावी लागतात. अ‍ॅडॅलिमुमॅबची प्रौढांसाठी प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली ४० मिलिग्रॅम अशी आहे. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणजे शेवटच्या सुईनंतरही कित्येक आठवडे त्याचा प्रभाव उरतो. अपाय दिसताच औषध थांबविले, तरी प्रतिकारशक्ती त्याच दिवशी पूर्ववत होत नाही.

गुण आणि दोष यांचे एकच मूळ

क्षयजंतू फुप्फुसात शिरल्यावर महाभक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु पुष्कळदा त्यांना मारू शकत नाहीत. अशा वेळी शरीर दुसरा मार्ग अवलंबते. पेशींचा एक गोलाकार तट जंतूंच्या भोवती रचला जातो व जंतू त्यात कोंडले जातात. या रचनेस ग्रॅन्युलोमा म्हणतात. कोंडलेले जंतू मरत नाहीत. ते निद्रिस्त राहतात. अशी व्यक्ती आजारी नसते व तिच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. हाच सुप्त क्षयसंसर्ग होय. ज्यांना तो झालेला आहे, अशांपैकी बहुसंख्यांना प्रत्यक्ष क्षयरोग आयुष्यभर होत नाही.

हा तट उभारणे व तो अभंग राखणे या दोन्ही कार्यांसाठी टीएनएफची गरज असते. ज्या उंदरांत टीएनएफचे कार्य बंद पाडले होते, त्यांना क्षयजंतूंचा प्रतिकार करता येत नाही, हे १९९५ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले होते. सांध्यातील दाह शमविण्यासाठी जो घटक अडविला जातो, त्याच घटकावर फुप्फुसातील तटाची मदार असते. तेव्हा क्षयरोग हा या औषधाचा आकस्मिक किंवा अनाकलनीय दुष्परिणाम मानता येत नाही. ज्या क्रियेमुळे गुण येतो, तिचेच ते दुसरे अंग आहे.

या तर्काला व्यवहारातील पुरावा २००१ मध्ये मिळाला. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांपैकी क्षयरोग झालेल्या सत्तर जणांची माहिती जोसेफ कीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तोवर जगात सुमारे १,४७,००० रुग्णांना ते औषध मिळाले होते. त्या सत्तरांपैकी अठ्ठेचाळीस जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच रोग झाला. उपचाराच्या आरंभापासून रोग प्रकट होईपर्यंतचा मध्यक काळ बारा आठवड्यांचा होता. चाळीस जणांना फुप्फुसाबाहेरचा क्षय झाला होता व त्यांपैकी सतरांच्या शरीरात तो सर्वत्र पसरला होता. एवढ्या अल्प काळात उद्‌भवलेला रोग बहुतांशी जुन्या, निद्रिस्त जंतूंचाच असला पाहिजे, हे अनुमान यावरून निघते. रोगाने नेहमीची वाट सोडलेली असल्यामुळे केवळ खोकल्यावर दृष्टी ठेवून भागत नाही, हेही त्यावरून कळते.

सर्व टीएनएफरोधक औषधांचा धोका सारखा नाही. ब्रिटनमधील नोंदवहीच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर लाख रुग्णवर्षांमागे क्षयाचे प्रमाण अ‍ॅडॅलिमुमॅबसाठी १४४, इन्फ्लिक्सिमॅबसाठी १३६ व एटानरसेप्टसाठी ३९ असे आढळले. ज्या देशात क्षय विरळा आहे, तेथील हे आकडे आहेत. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तेथे हा प्रश्न किती पटींनी गंभीर होतो, हे वेगळे सांगावयास नको.

पहिल्या सुईपूर्वीची परीक्षा

सर्वांत फलदायी सावधगिरी औषध सुरू होण्यापूर्वीच घ्यावयाची असते, याचा प्रत्यय स्पेनमध्ये आला. तेथे २००२ मध्ये पूर्वतपासणीचे नियम घालून देण्यात आले. त्यानंतर या रुग्णांतील क्षयाचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटले. पुढे २००७ मध्ये असेही दिसून आले की, जेथे नियम पूर्णपणे पाळले गेले नाहीत, तेथे क्षय होण्याची शक्यता सातपट होती. नियम तेच, औषध तेच. फरक पडला तो पालनात.

ही परीक्षा तीन अंगांची आहे. प्रथम रुग्णाचा वृत्तांत : त्याला पूर्वी क्षय झाला होता काय, उपचार पूर्ण केले होते काय, घरात किंवा शेजारी कोणी क्षयरोगी होता काय. नंतर लक्षणे : खोकला, ताप, वजनातील घट, रात्री घाम येणे, तसेच मानेतील किंवा काखेतील गाठी. तिसरे अंग म्हणजे छातीची क्ष-किरण तपासणी व सुप्त संसर्गाची चाचणी. सक्रिय क्षय आढळल्यास टीएनएफरोधक सुरू न करता क्षयाचा संपूर्ण उपचार आधी हाती घ्यावा लागतो.

सुप्त संसर्गाच्या चाचण्यांना मर्यादा आहेत व त्या जाणून घेणे अवश्य आहे. शार्ल माँतू यांनी १९०८ मध्ये प्रचारात आणलेली ट्यूबरक्युलिन चाचणी स्वस्त व सुलभ आहे. परंतु तिचे वाचन ४८ ते ७२ तासांनी करावयाचे असल्याने रुग्णाला पुन्हा यावे लागते. बीसीजी लसीमुळे ती क्वचित फसवेही फळ दाखविते. रक्तावरील इंटरफेरॉन-गॅमा चाचणी आणि भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळालेली ‘सीवाय-टीबी’ ही त्वचाचाचणी या दोहोंना बीसीजीची बाधा होत नाही. कारण त्यांत वापरलेली ईसॅट-६ व सीएफपी-१० ही प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसतात. परंतु उलट दिशेची चूक या सर्वच चाचण्यांत संभवते. जो रुग्ण आधीच स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट घेत आहे, त्याची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते व संसर्ग असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. म्हणूनच अशा रुग्णांत ट्यूबरक्युलिनची पाच मिलिमीटरची गाठही सकारार्थी मानतात. शक्यतो स्टेरॉइडची मात्रा वाढविण्यापूर्वीच चाचणी उरकून घेणे हितावह ठरते.

चाचणी सकारार्थी असून सक्रिय क्षय नसल्यास प्रतिबंधक उपचार द्यावयाचा असतो. भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाने २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत टीएनएफरोधक घेणाऱ्या रुग्णांचा स्पष्ट निर्देश आहे. आयसोनियाझिड रोज एकदा सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रा, हे दोन मार्ग त्यात दिले आहेत. प्रतिबंधक उपचार सुरू होऊन निदान एक महिना झाल्यावर जैविक औषध द्यावे, अशी सर्वसामान्य प्रथा आहे. आयसोनियाझिडमुळे यकृतास इजा होऊ शकते व मेथोट्रेक्सेटही यकृतास जाचक असते. दोन्ही एकत्र चालू असताना यकृताची तपासणी वेळोवेळी करणे व मद्यपान वर्ज्य करणे आवश्यक आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. प्रतिबंधक उपचार जुन्या जंतूंचा बंदोबस्त करतो; तो पुढे होणाऱ्या नव्या संसर्गापासून संरक्षण देत नाही. क्षयाचा फैलाव जेथे सतत चालू आहे, तेथे आरंभीची नकारात्मक चाचणी वर्षानंतर विश्वासार्ह राहत नाही. म्हणून औषध चालू असेपर्यंत प्रत्येक भेटीत लक्षणांची विचारपूस व्हावयास हवी.

अन्य दुष्परिणाम

टोचल्याच्या जागी लाली, खाज व सूज हा सर्वांत वारंवार आढळणारा व बहुधा निरुपद्रवी परिणाम होय; जागा आळीपाळीने बदलल्याने तो कमी होतो. श्वसनमार्ग, त्वचा व मूत्रमार्ग यांचे सामान्य जंतुसंसर्ग वाढतात. यकृतदाह-ब चे सुप्त विषाणू पुन्हा जागृत होऊ शकतात. म्हणून त्याच्या पृष्ठीय प्रतिजनाची व गाभ्याच्या प्रतिपिंडाची तपासणी आरंभीच करतात. तीव्र हृदयदौर्बल्य असलेल्या रुग्णांत, तसेच मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होण्याचा विकार असलेल्यांत ही औषधे टाळतात. बुरशीजन्य रोगांचा गंभीर इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिला. लसिका-अर्बुदाचा धोका थोडा वाढत असल्याची शंका आहे. विशेषतः अ‍ॅझाथायोप्रिन सोबत घेणाऱ्या तरुण पुरुषांत यकृत-प्लीहेचे एक विरळ पण घातक अर्बुद आढळले आहे. काही रुग्णांत औषधामुळेच ल्यूपससारखी लक्षणे किंवा नव्याने सोरायसिस उद्‌भवतो.

ग्रामीण जीवनाशी निगडित अशा दोन बाबी विशेष उल्लेखनीय आहेत. धारोष्ण दूध पौष्टिक मानण्याची रूढी आहे. परंतु न तापविलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया व गुरांचा क्षय यांचे जंतू शरीरात जाऊ शकतात. या रुग्णांनी दूध उकळूनच प्यावे. दुसरी बाब श्वानदंशाची. आलर्काची म्हणजे रेबीजची लस निर्जीव असल्याने ती या रुग्णांना निःशंकपणे द्यावी व पूर्ण द्यावी. मात्र त्यांचे शरीर लसीला पुरेसा प्रतिसाद देईलच असे नसल्यामुळे, अन्य व्यक्तींना ज्या किरकोळ ओरखड्यासाठी केवळ लस पुरते, तेथेही यांना प्रतिपिंडद्रव्य देण्याचा संकेत आहे. औषध चालू असल्याचे लस देणाऱ्याला सांगितलेच नाही, तर हा भेद पाळला जाणे अशक्य आहे.

लसीकरण आणि नवजात बालक

इन्फ्लुएन्झा व न्यूमोकॉकस यांच्या निर्जीव लसी या रुग्णांना उपकारक आहेत. गोवर-रुबेला, कांजिण्या व पीतज्वर यांच्या सजीव लसी मात्र औषध चालू असताना देत नाहीत. आवश्यक असल्यास त्या उपचारापूर्वी देतात.

याहून नाजूक प्रश्न गर्भवतीचा आहे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत हे प्रतिपिंड वारेतून बाळाच्या रक्तात जातात व जन्मानंतर काही महिने तेथे राहतात. भारतात बीसीजी जन्मतःच देण्याची पद्धती असून ती लस सजीव जंतूंची आहे. ब्रिटनमध्ये, इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या एका मातेच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिल्यानंतर त्याच लसीचे जंतू सर्व शरीरात पसरून बाळ दगावल्याची घटना २०१० मध्ये नोंदली गेली. म्हणून अशा बाळाची बीसीजी किमान सहा महिने लांबणीवर टाकतात व इतर सजीव लसींचा निर्णय तज्ज्ञांच्या सल्ल्याने घेतात. प्रसूतीनंतर काही तासांतच लस टोचली जात असल्यामुळे ही सूचना माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीपूर्वीच नोंदलेली असली पाहिजे. औषध घेणाऱ्या स्त्रीने मात्र गर्भ राहताच भीतीने ते परस्पर बंद करू नये. मूळ विकार उफाळल्यास मातेला व गर्भाला त्याचाही अपाय होतो.

जिल्ह्याची परिस्थिती

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, कारंजा, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व रिसोड हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन, तूर व कापूस यांवर त्याचा संसार चालतो. केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत वाशीम एक होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२४ मध्ये सुरू झाले. संधिविकारांच्या तज्ज्ञासाठी रुग्णाला अकोला, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते.

या अंतराचा औषधाच्या सुरक्षिततेशी निकट संबंध आहे. औषध लिहून देणारा तज्ज्ञ एका शहरात, सुई टोचणारा दुसऱ्या गावी आणि ताप आल्यावर रुग्ण ज्याच्याकडे जातो तो वैद्य तिसऱ्याच ठिकाणी, अशी वाटणी होते. पंधरवड्यातून एकदा टोचावयाची सुई रुग्णाच्या लेखी ‘रोजचे औषध’ नसते. काय औषधे चालू आहेत असे विचारल्यावर तिचे नाव त्याच्या तोंडी येईलच असे नाही. मग दोन आठवड्यांच्या तापावर लेव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक दिले जाते. हे औषध क्षयजंतूंवरही काहीसे चालते. त्यामुळे ताप तात्पुरता उतरतो आणि निदान लांबते. त्याच्या जोडीला स्टेरॉइडची सुई दिली गेल्यास उरलेला तटही ढासळतो. दोष येथे कोणा एकाचा नसतो. माहितीचा धागा मध्येच तुटलेला असतो.

तो जोडण्याचा साधा उपाय म्हणजे रुग्णाजवळ सदैव राहणारे मराठीतील एक कार्ड. औषधाचे नाव, शेवटच्या सुईची तारीख, क्षय व यकृतदाह-ब च्या चाचण्यांचे निष्कर्ष, प्रतिबंधक उपचाराचा काळ आणि तज्ज्ञाचा दूरध्वनी एवढा मजकूर त्यावर पुरेसा आहे. त्याखाली दोन आज्ञा ठळक अक्षरांत असाव्यात : ताप असताना पुढची सुई घेऊ नये; दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, वजनातील घट अथवा गाठ आढळल्यास क्षयाची तपासणी करावी. ही तपासणी व क्षयाची औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. क्षय निश्चित झाल्यास टीएनएफरोधक थांबवून क्षयोपचार सुरू करतात. मात्र औषध थांबल्यावर प्रतिकारशक्ती एकाएकी परतून गाठी व ताप काही काळ वाढल्यासारखे भासतात. तो उपचाराचा पराभव समजून गोळ्या सोडू नयेत.

साठवणीचा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. अ‍ॅडॅलिमुमॅब २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, प्रकाशापासून दूर ठेवावे लागते व ते गोठू देता येत नाही. मूळ औषधाच्या बाबतीत प्रवासादी कारणाने २५ अंशांपर्यंत चौदा दिवसांची सवलत आहे. समरूप औषधांसाठी वेष्टनावरील सूचना पाहावी. विदर्भाच्या वैशाखात तापमान चाळीस अंशांवर जाते. इन्सुलिनसाठी माठाचा आधार घेण्याचा प्रघात आहे. परंतु माठातील गारवा दोन ते आठ अंशांपर्यंत कधीच उतरत नाही. शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात ठेवलेली किंवा बर्फाला थेट टेकवून आणलेली सुईदेखील निरुपयोगी ठरते, कारण गोठलेले प्रथिन वितळले तरी पूर्वीसारखे राहत नाही. ज्या घरी वीज टिकत नाही, तेथे सुया जवळच्या औषधालयाच्या किंवा आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत ठेवून ठरल्या दिवशी तेथेच टोचून घेणे श्रेयस्कर होय.

उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे की, प्रतिकारशामक सुईचा मुख्य धोका बहुधा शरीरात आधीपासून निद्रिस्त असलेल्या जंतूंतून उद्‌भवतो. ज्या समाजात असे सुप्त संसर्ग सर्वत्र आहेत, तेथे तपासणीशिवाय दिलेली पहिली सुई हीच सर्वांत मोठी चूक ठरते. परंतु त्याच कारणास्तव औषधच नाकारणे हेही तितकेच अनुचित आहे. आखडलेल्या बोटांनी निंदणी-वेचणी करणाऱ्या स्त्रीला हात परत मिळवून देण्याचे सामर्थ्य त्यात आहे. आवश्यक चाचण्या दुर्मिळ नाहीत, प्रतिबंधक गोळ्या शासन विनामूल्य देते आणि कार्डाला खर्च जवळजवळ नाहीच. उणीव आहे ती या तिन्ही गोष्टी योग्य क्रमाने घडवून आणण्याची. वाशीममधील नव्या वैद्यकीय महाविद्यालयाला आणि विदर्भातील संशोधक विद्यार्थ्यांना येथे अभ्यासाचे एक मोकळे क्षेत्र आहे : जिल्ह्यात अशी औषधे घेणाऱ्या रुग्णांची नोंदवही ठेवणे, त्यांच्या पूर्वतपासण्या झाल्या किंवा कसे ते पाहणे आणि पुढील वर्षांत त्यांच्यापैकी किती जणांना क्षय झाला हे मोजणे. स्पेनमध्ये नियमांचा गुण नोंदवहीमुळेच कळला.